नव्या प्रजातीला नाव मिळेपर्यंत: सह्याद्रीत हिंडणाऱ्या नवख्यांसाठी

आंबोलीत हिरण्यकेशी नदीच्या उगमाशी एक देऊळ आहे आणि तिथे पाण्याचं कुंड आहे. कुंडाच्या तळाशी बोटापेक्षा लहान, सोनेरी छटेचे मासे फिरतात. दर्शनाला येणाऱ्या किती पिढ्यांनी ते पाहिले असतील, कुणास ठाऊक. २०२० मध्ये या माशाला ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हे नाव मिळालं आणि पुढच्याच वर्षी राज्य सरकारने कुंडाचा २.११ हेक्टर परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केला.

मासा तर तिथेच होता, लोकही त्याला बघत होतेच. मग २०२० मध्ये नेमकं काय घडलं? कुणीतरी तो मासा त्याच्या माहीत असलेल्या सगळ्या भावंडांशी ताडून पाहिला, फरक मोजले, ते लिहून छापले आणि पुरावा म्हणून नमुने संग्रहालयात ठेवले. नवी प्रजाती ‘सापडली’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यामागे हे एवढं काम असतं. पावसाळ्यात दर आठवड्याला मला कुणी ना कुणी फोटो पाठवतं आणि विचारतं, “ही नवीन आहे का हो?” एका फोटोवरून याचं उत्तर देता येत नाही. पण त्या उत्तरापर्यंत कसं जायचं हे नक्की सांगता येतं आणि त्यासाठी पीएच.डी. लागतेच असं नाही. नाव कुणी द्यावं यावर नामकरणाच्या नियमांत पदवीची अट कुठेही नाही.

एक शब्दांचा घोळ आधीच मिटवू. मराठीत स्पीशीजला काही पुस्तकं ‘जाती’ म्हणतात तर काही ‘प्रजाती’, आणि जीनसला कुठे ‘वंश’ तर कुठे पुन्हा ‘प्रजाती’च. या लेखात स्पीशीज म्हणजे प्रजाती, जीनस म्हणजे वंश आणि फॅमिली म्हणजे कुल.

आधी नेहमीचं ओळखायला शिका

नवखे इथेच सगळ्यात जास्त घाई करतात. वेगळं काय हे कळायला नेहमीचं काय हे पाठ असावं लागतं. दुर्मीळ काही शोधायला बाहेर पडू नका. तुमच्या गावाजवळचा एक सडा (उघड्या कातळाचं पठार), एक ओढा किंवा देवराई निवडा, आणि सजीवांचा एकच गट निवडा. फुलपाखरं, पक्षी, साप यांच्यावर माणसं भरपूर आहेत. कोळी, गोगलगायी, खेकडे, चतुर, शेवाळी, गवतं यांच्याकडे मात्र फार थोडे लोक लक्ष देतात, म्हणून तिथे वाव जास्त.

मग तीच जागा वर्षभर बघा. सड्यावर जूनमध्ये काय उगवतं, ऑगस्टमध्ये काय फुलतं, ऑक्टोबरमध्ये काय वाळतं. सीतेची आसवं, कवला, तेरडा, गेंद, दवबिंदू यांची तोंडओळख झाली की पुढची पायरी. गेंदाच्या पांढऱ्या चेंडूसारख्या फुलोऱ्यांचा गालिचा एकसारखा दिसतो, पण त्यात बरेचदा दोन-तीन प्रजाती मिसळलेल्या असतात. फरक कुठे? इवल्याशा फुलाच्या आत आणि बियांच्या पृष्ठभागावर. उभ्या माणसाला यातलं काहीच दिसत नाही. गुडघ्यावर बसा, दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरा आणि फूल भिंगाजवळ आणा. भिंग फुलाजवळ नेऊन लांबून बघणाऱ्याला धूसर हिरवा ठिपका दिसतो.

दुसरं, एकाच प्रजातीत किती वैविध्य असतं हे मनात भरेपर्यंत बघा. नर वेगळा, मादी वेगळी, पिल्लू वेगळं, सावलीतलं झाड वेगळं, उघड्या कातळावरचं वेगळं. आपल्या बागेतल्या कॉमन मॉर्मन फुलपाखराची मादी तीन वेगवेगळ्या रूपांत येते आणि त्यातली दोन रूपं चक्क दुसऱ्याच फुलपाखरांची नक्कल करतात. आजची दोन शब्दी नावांची पद्धत घालून देणाऱ्या खुद्द लिनियसने १७५८ मध्ये मॅलार्ड बदकाच्या नर-मादीला दोन वेगळ्या प्रजाती समजून दोन नावं दिली होती. तेव्हा एकच वेगळ्या रंगाचं फूल दिसलं की हुरळून जाऊ नका. आजूबाजूची तशीच पन्नास झाडं बघा. दुसऱ्या सड्यावर जा, तिथेही बघा. फरक सगळीकडे तसाच टिकतो का? टिकला तर वहीत चांदणी काढा.

वही, पेन्सिल, फोटो

वही पेन्सिलीने लिहा. जेल पेनची शाई घाटातल्या पावसात अर्ध्या तासात वाहून जाते. माझा एका अख्ख्या ऑगस्टचा हिशेब असाच निळ्या डागांत गेला आणि त्यातली दोन झाडं मला पुन्हा कधी नीट लावता आली नाहीत. पेन्सिलीचं लिखाण पाण्यातही टिकतं आणि स्पिरिटच्या बाटलीतही.

प्रत्येक नोंदीत काय हवं? तारीख, वेळ, गावाचं नाव, त्या जागेचं स्थानिक नाव (‘पठार’ म्हणून भागत नाही, तिथली माणसं त्या टेपाला काय म्हणतात ते विचारा), अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची. जमीन कसली आहे? कातळ, त्यावरचा मातीचा पातळ थर, साचलेलं पाणी, झाडाचं खोड. सोबत काय वाढतं? साधारण किती झाडं किंवा प्राणी दिसले? मग जे वाळल्यावर किंवा मेल्यावर नाहीसं होतं ते सगळं: फुलाचा रंग, वास, चीक आहे का, बेडकाच्या पोटाचा रंग, पालीच्या बुबुळाचा आकार, आवाज. बेडकाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि त्या वेळचं हवेचं तापमानही लिहा, कारण थंडीत तोच बेडूक सावकाश ओरडतो.

फोटो काढताना सुंदर फोटोचा मोह जरा बाजूला ठेवा. झाडाचा एक पूर्ण फोटो, पानाच्या दोन्ही बाजू, फूल समोरून, बाजूने, मागून, आणि फूल उभं चिरून आतून. शेजारी मिलिमीटरची पट्टी हवीच. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टलवर हे फोटो टाकले की त्या गटातले जाणकार ते बघतात. कित्येकदा पहिला संशय तिथेच कुणीतरी बोलून दाखवतो.

ज्यांच्या जमिनीत आपण हिंडतो त्यांनाही विचारा. गुराखी, धनगर, मासे धरणाऱ्या बायका यांना त्या जिवाची सवय आपल्यापेक्षा कितीतरी जास्त माहीत असते. केरळच्या घाटातला फुगीर जांभळा बेडूक, ‘नासिकाबॅट्राकस सह्याद्रेन्सिस’, विज्ञानाने २००३ मध्ये नोंदवला. वर्षातले जेमतेम काही दिवस तो जमिनीवर येतो. तिथल्या लोकांना तो आधीपासून माहीत होता.

परवानगी: हे टाळायचं नाही

बघायला आणि फोटो काढायला गावाच्या सड्यावर फारशी अडचण येत नाही. पण नमुना घ्यायचा म्हटलं की कायदा आला. राखीव जंगलात वनखात्याची लेखी परवानगी हवी, अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात तर आत संशोधनासाठी जायलाच हवी. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचीतला प्राणी असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकांच्या परवानगीशिवाय त्याला हातही लावू नका. नमुना किंवा त्याचा तुकडा परदेशी पाठवायचा झाला तर जैवविविधता कायदा २००२ प्रमाणे चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडे जावं लागतं. याच कायद्याच्या ३९ व्या कलमात आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिली आहे: नवी प्रजाती ज्याला सापडेल त्याने ती ठरलेल्या संस्थेला कळवायची आणि नमुनाही तिथेच जमा करायचा.

म्हणून माझा आग्रह असा, की इथपर्यंत आलात की एकटे राहू नका. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण आणि भारतीय प्राणी सर्वेक्षण या दोन्हींची पश्चिम विभागाची केंद्रं आहेत, आघारकर संशोधन संस्था आहे. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाचा वनस्पतिशास्त्र विभाग आहे. मुंबईत १८८३ पासूनची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी आहे आणि सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम, म्हणजे वाळवलेल्या झाडांचा संग्रह, आहे. तुमच्या गटावर गेल्या पाच वर्षांत कुणी लिहिलंय ते शोधा आणि त्या माणसाला मेल करा. ‘नवी प्रजाती सापडली’ असं लिहू नका. ‘या या जागी, या तारखेला हे दिसलं, अमुक प्रजातीशी जुळतं पण या दोन गोष्टींत जुळत नाही’ असं लिहा आणि फोटो जोडा. अशा मेलला उत्तर येतं. परवानगी संस्थेच्या नावाने मिळणंही सोपं जातं.

नमुना

नमुन्याविना नाव नाही, असंच धरून चाला. नाव कायमचं एका प्रत्यक्ष नमुन्याला बांधलेलं असतं. त्याला होलोटाइप म्हणतात. शंभर वर्षांनी कुणाला शंका आली तर त्याला तुमच्या वाक्यांवर विसंबून राहावं लागू नये, कपाट उघडून तो नमुना बघता यावा, म्हणून ही सोय.

झाडांचं सांगतो, कारण ते नवख्याला शिकता येतं. कंदीलपुष्पाचं उदाहरण घेऊ. गावाकडे याला खरचुडी म्हणतात, गुराखी पोरं याचे कंद खणून कच्चे खातात. फूल कंदिलासारखं: खाली फुगीर बुड, वर नळी, टोकाला पाच पाकळ्यांचा पिंजरा. बारीक माश्या नळीतून आत उतरतात आणि आतल्या केसांमुळे काही काळ अडकून पडतात. बुडाशी, नळीच्या तळात, किरीट नावाचा इवलासा भाग असतो. त्याच्या बाहेरच्या आणि आतल्या पाळ्यांचा आकार, उंची, त्यावरचे केस यांवर प्रजाती ठरते. आता हे फूल वर्तमानपत्रात दाबलं की किरीट चपटा होऊन संपला. वाळलेल्या कागदावरून तो पुन्हा वाचता येत नाही. म्हणून दोन-तीन फुलं ७० टक्के अल्कोहोलच्या बाटलीत वेगळी ठेवायची, आत पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी टाकायची आणि बाटलीवर तोच क्रमांक घालायचा.

कंद खणायचा नाही. फुलांची फांदी पुरते. वीस झाडांमागे एकापेक्षा जास्त नमुना घेऊ नये, हा जुना अलिखित नियम पाळा. वीसही नसतील तर फोटो आणि बाटलीतलं एक फूल यावरच थांबा आणि जाणकाराला जागेवर घेऊन या. नाशिकजवळच्या अंजनेरीवरून २००६ मध्ये वर्णन झालेली ‘सेरोपेजिया अंजनेरिका’ किंवा विशाळगडावरून २०२३ मध्ये वर्णन झालेली आणि शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखली जाणारी ‘सेरोपेजिया शिवरायियाना’ यांचं राहण्याचं क्षेत्र मुळातच इवलंसं आहे. अशा ठिकाणी हावरा संग्राहक एका दुपारी मोठं नुकसान करू शकतो.

फांदी वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरा, एक पान उलटं ठेवा म्हणजे खालची बाजूही दिसेल. वर टीपकागद, पुठ्ठा, दोन फळ्या, घट्ट पट्टे. पहिले चार-पाच दिवस कागद रोज बदला. पावसाळ्यात सकाळ-संध्याकाळ बदला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी येते आणि सगळी मेहनत कुजते. काही जण शंभर वॅटच्या दिव्याखाली वाळवतात. ठीक आहे, फक्त भाजू नका. पुरतं वाळलं की साधारण ४२ बाय २८ सेंटिमीटरच्या जाड कागदावर शिवायचं किंवा चिकटवायचं आणि उजव्या कोपऱ्यात खाली लेबल.

त्या लेबलाबद्दल थोडं अधिक सांगावंसं वाटतं. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज संग्राहकांचे आपल्याकडचे कित्येक नमुने लंडनच्या क्यू उद्यानाच्या हर्बेरियमात आहेत आणि त्यांतल्या पुष्कळांवर जागा एवढीच छापलेली आहे: मलबार, कोकण वगैरे. वसई की वेंगुर्ला, घाटमाथा की समुद्रकाठ, काही पत्ता नाही. आज त्यातलं एखादं झाड पुन्हा शोधायचं तर शेकडो किलोमीटरची किनारपट्टी पालथी घालावी लागते. नमुना देखणा आहे, पण अर्धा मुका आहे. तुमचं लेबल असं लिहा की अनोळखी माणूस ते वाचून त्याच कातळाशी येऊन उभा राहील.

प्राण्यांचं काम नवख्याने स्वतः करू नये, असं माझं ठाम मत आहे. जीव घ्यावा लागतो. तो वेदनेविना, परवानगीनिशी आणि गरजेपुरताच घेतला पाहिजे, आणि हे शिकलेल्या माणसानेच करावं. तुम्हाला माहीत असावं ते एवढंच: डीएनएसाठी ऊतीचा बारीक तुकडा आधी शुद्ध अल्कोहोलमध्ये जातो, मग शरीर १० टक्के फॉर्मालिनमध्ये घट्ट होतं आणि नंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये कायमचं राहतं. क्रम उलटला तर फॉर्मालिन डीएनए खराब करतं. फॉर्मालिन घातक आहे, हातमोज्यांशिवाय आणि बंद खोलीत हाताळायचं नाही.

ताडून पाहणं

खरा वेळ इथे जातो. महिने, कधी वर्षं.

सुरुवात ‘की’ पासून करा. की म्हणजे जोडीजोडीने विचारलेले प्रश्न: पानं समोरासमोर की एकाआड एक? समोरासमोर असतील तर पुढच्या अमुक प्रश्नाकडे जा. असं करत करत नावाशी पोचता येतं. झाडांसाठी थिओडोर कुक यांचा १९०१ ते १९०८ मध्ये निघालेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ अजूनही उघडावाच लागतो, त्यानंतर महाराष्ट्राच्या वनस्पतींवरचे वनस्पती सर्वेक्षणाचे खंड. जुनी मूळ वर्णनं बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. आजचं मान्य नाव कोणतं हे झाडांसाठी प्लँट्स ऑफ द वर्ल्ड ऑनलाइनवर, सरपटणाऱ्यांसाठी रेप्टाइल डेटाबेसवर आणि बेडकांसाठी अँफिबियन स्पीशीज ऑफ द वर्ल्डवर बघा.

कीमध्ये बसलं नाही म्हणजे नवीन असं मात्र नाही. तीन शक्यता आधी निकालात काढाव्या लागतात. एक, ती जवळच्या कर्नाटकातली किंवा केरळातली प्रजाती असेल आणि महाराष्ट्रात पहिल्यांदाच दिसली असेल. हीही छापण्याजोगी, मोलाची नोंद आहे, तिला कमी लेखू नका. दोन, ती नेहमीच्या प्रजातीचंच वेगळं रूप असेल. तीन, तिला दीडशे वर्षांपूर्वी कुणीतरी नाव दिलेलं असेल आणि पुढे दुसऱ्याने ‘ही तर तीच’ म्हणून ते नाव मिटवलेलं असेल. नियम असा की आधीचं नाव आधी. म्हणून त्या वंशातली आजवरची सगळी नावं, मान्य आणि अमान्य, एका तक्त्यात काढायची आणि प्रत्येकाचं मूळ वर्णन वाचायचं, शक्य तिथे टाइप नमुन्याचा, म्हणजे ते नाव ज्याला बांधलंय त्याचा, फोटो बघायचा. क्यू आणि लंडनच्या संग्रहालयांतल्या बऱ्याच नमुन्यांचे फोटो आता घरबसल्या दिसतात. पूर्वी यासाठी बोटीने जावं लागायचं.

नावातही इतिहास लिहिलेला असतो, तो वाचायला शिका. ‘झँथोफ्रिनी कोयनेन्सिस (सोमण, १९६३)’ असं छापलेलं दिसेल. म्हणजे कोयनेच्या या भेकाचं (खरखरीत कातडीच्या बेडकाचं) वर्णन सोमणांनी १९६३ मध्ये केलं. त्यांचं नाव कंसात, कारण त्यांनी त्याला ‘बुफो’ वंशात ठेवलं होतं आणि नंतर वंश बदलला. नवा वंश २००९ मध्ये झाला तेव्हा त्यातच आंबोलीच्या भेकालाही नाव मिळालं, ‘झँथोफ्रिनी टायगेरिना’. वंश बदलला तरी ‘कोयनेन्सिस’ आणि ‘सोमण, १९६३’ हटले नाहीत. आपल्या शिंदळ माकुडी या वनस्पतीचंही तसंच. वनस्पतिशास्त्रज्ञ डॅल्झेलने तिला मुंबईचे गव्हर्नर फ्रेअर यांच्यावरून ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटलं. पुढे ती वेगवेगळ्या वंशांत फिरली आणि आता ‘फ्रेरी’ हा शब्द नावाच्या दुसऱ्या भागात येऊन बसला आहे.

आता मोजणी. घाटातल्या दगडांवर, झाडांच्या खोडांवर दिवसा फिरणाऱ्या बोटभर पाली असतात, निमास्पिस वंशातल्या, गोल बुबुळांच्या. नुसत्या बघून त्या एकमेकींच्या बहिणी वाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली एकीला उताणी ठेवा. तोंडाच्या टोकापासून गुदद्वारापर्यंतची लांबी कॅलिपरने मोजा. शेपूट त्यात धरायची नाही, कारण तुटून पुन्हा उगवलेल्या शेपटीचा भरवसा नाही. नर असेल तर मांडीच्या आतल्या बाजूला खवल्यांत बारीक छिद्रं ओळीने दिसतील. डावीकडे किती, उजवीकडे किती, मध्ये छिद्राविना किती खवले, ते मोजा. चौथ्या बोटाखालच्या पट्ट्या मोजा. पाठीवरचे खवले सगळे सारखे आहेत की मधूनमधून मोठे उंचवटे आहेत? मग दुसरी पाल. मग पाचवी, दहावी. नंतर जवळच्या प्रजातीच्या दहा. आकडे तक्त्यात मांडल्यावर दोन गट आपोआप अलग पडले आणि मध्ये कुणीच उरलं नाही, तर समजा हाताला काही लागलं आहे. मोजणी दोनदा करा, दुसऱ्यांदा पहिला कागद न बघता.

डीएनएचं काय? आता बहुतेक प्राण्यांच्या कामात तो लागतोच. सीओआय किंवा १६एस हे जनुकांचे तुकडे वाचतात, झाडांत आरबीसीएल आणि मॅटके. प्रयोगशाळा तुमच्याकडे नसते, म्हणूनच संस्थेची जोड. पण जनुकांतल्या नुसत्या टक्क्यांच्या फरकावर नवी प्रजाती जाहीर करणारे लेख मला पटत नाहीत. शरीर, जनुकं, आवाज, राहण्याची जागा, फुलण्याचा हंगाम यांतल्या निदान दोन-तीन गोष्टींनी एकच साक्ष द्यावी.

वर्णन आणि नाव

लेखाचा गाभा म्हणजे निदान: ही प्रजाती जवळच्या प्रजातींपासून नेमकी कशाने वेगळी, हे दोन-चार ओळींत. ‘आकर्षक’, ‘लहानखुरी’ असले शब्द नकोत. ‘किरीटाच्या बाहेरच्या पाळ्या १ मिलिमीटर, टोकाला दुभंगलेल्या, जवळच्या प्रजातीत २.५ मिलिमीटर, अखंड’ असं. मग सविस्तर वर्णन, होलोटाइप कुठल्या संग्रहात कोणत्या क्रमांकाने आहे, जागा, अधिवास, फुलण्याचा काळ, रेखाचित्र, फोटो, आणि जवळच्या प्रजातींशी तुलनेचा तक्ता.

झाडांसाठी आणि प्राण्यांसाठी नियमावली वेगळी. झाडांची गणती लिनियसच्या १७५३ च्या ग्रंथापासून, प्राण्यांची १७५८ च्या. झाडाचं वर्णन किंवा निदान पूर्वी लॅटिनमध्ये सक्तीचं होतं, १ जानेवारी २०१२ पासून इंग्रजी चालतं. प्राण्याचा लेख फक्त ऑनलाइन निघणार असेल तर तो झूबँक या प्राणिनावांच्या ऑनलाइन नोंदवहीत आधी नोंदवलेला हवा आणि तसं लेखात लिहिलेलं हवं. फेसबुकवर किंवा वर्तमानपत्रात टाकलेलं नाव नियमांप्रमाणे प्रसिद्ध होत नाही. म्हणून लेख छापून येईपर्यंत नाव घरातच ठेवा.

नाव काय द्यावं? गावावरून ‘एन्सिस’, पुरुषावरून शेवटी ‘आय’ (i), बाईवरून ‘ए’ (ae), अनेकांवरून ‘ओरम’. एखाद्या गुणावरूनही देता येतं, मात्र त्याचं लिंग वंशनामाशी जुळवावं लागतं. स्वतःचं नाव देऊ नये. नियम आडवा येत नाही, पण रीत नाही. मला स्वतःला जागेचं नाव सर्वांत आवडतं. आंबोलीच्या देवगांडुळाला (गांडुळासारख्या दिसणाऱ्या बिनपायाच्या उभयचराला) २००३ मध्ये ज्येष्ठ निसर्ग अभ्यासक जे. सी. डॅनिअल यांच्यावरून ‘गेगेनिओफिस डॅनिएली’ नाव मिळालं, तेही सुंदरच. पण ‘हिरण्यकेशी’ म्हटलं की गाव, नदी आणि मासा एका शब्दात येतात, आणि त्या गावातल्या पोरांना ते नाव परकं वाटत नाही.

लेख झूटॅक्सा, फायटोटॅक्सा, झूकीज, जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा, ऱ्हीडिया अशा शोधपत्रिकांकडे जातो. तिथले तज्ज्ञ तो वाचतात, शंका काढतात, परत पाठवतात. परत आलेल्या लेखाने खचू नका. त्यांनी विचारलेला प्रत्येक प्रश्न पुढे कुणीतरी विचारणारच असतो. धीर लागतो: नमुना गोळा झाल्यापासून नाव मिळेपर्यंत सरासरी २१ वर्षं जातात, असं २०१२ च्या एका अभ्यासात निघालं. बाकी नमुने कपाटात वाट बघत असतात. म्हणजे डोंगरावर जाणं जमत नसेल त्यानेही निराश व्हायला नको. जुन्या संग्रहातले ‘अनोळखी’ म्हणून बाजूला ठेवलेले कागद उलगडत बसणारी माणसं आज हवीच आहेत.

छापून आल्यावर

जागेचा अचूक पत्ता जगजाहीर करायचा का, हा विचार लेख पाठवण्यापूर्वीच करा. चीन-व्हिएतनामच्या सीमेवरच्या ‘गोनिउरोसॉरस लुई’ या पालीचं वर्णन १९९९ मध्ये झालं आणि पाळीव प्राण्यांच्या व्यापाऱ्यांनी त्या लेखातल्या पत्त्यावरून जाऊन ती मूळ जागेवरून जवळपास संपवली. वर मी म्हटलं की लेबल अनोळखी माणसाला कातळापर्यंत नेणारं हवं. ते लेबल संग्रहालयाच्या कपाटात राहतं. लेखात तालुक्यापर्यंत सांगून अचूक अक्षांश मागणाऱ्या संशोधकालाच द्यावेत, असा मार्ग आता बरेच जण घेतात, विशेषतः कंदीलपुष्पं, ऑर्किडं, पाली आणि कोळी यांच्या बाबतीत. फोटोतली जागेची माहितीही पुसून टाका.

मग गावात परत जा. प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि लोक जैवविविधता नोंदवही असते. लेखाची छापील प्रत आणि मराठीत दोन पानांचा गोषवारा समितीला द्या. नोंदवहीत नाव चढवताना तुम्ही दिलेल्या लॅटिन नावाशेजारी त्या गावातलं नाव लिहा. गावात नावच नसेल तर ज्याने पहिल्यांदा ती जागा दाखवली त्याला विचारा, आम्ही याला काय म्हणू? आणि पुढच्या पावसाळ्यात त्याच आठवड्यात, त्याच कातळावर जाऊन झाडं मोजा. गेल्या वर्षी किती होती ते वहीत आहेच.